यादीतली ओळ पिवळी करायची, पण कुठली?

मेढ्याहून बोलतोय. गाडीवर किंवा एसटीत ऐकणाऱ्यांचे यातले लांबलचक शब्द निसटतात, म्हणून नेहमीप्रमाणे हा लिखित उतारा.

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ आहे. ॲपमध्ये एक यादी असते, तुम्ही एका ओळीवर बोट ठेवता, ती ओळ रंगते आणि निवडली जाते. यात एक अख्खा भाग करण्यासारखं काय आहे?

ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवरून करू लागले. जिल्हा, तालुका, गाव, खातेदार, गट क्रमांक, पीक... यादीमागून यादी. आपल्याकडे सातारा, मग जावळी, मग कुडाळ, करहर, केळघर, बामणोली, जे तुमचं गाव असेल ते. ही नोंद सातबाऱ्यातल्या बारा नंबरात जाते. पुढे पीकविमा असो की अतिवृष्टीची मदत, पहिला प्रश्न तोच: सातबाऱ्यावर पीक काय लागलंय? आणि घरोघरी हे भरतं कोण, तर तुम्हीच. आजोबा बांधावर उभे राहून गट सांगतात आणि फोन नातवाच्या किंवा नातीच्या हातात. तिथे एक ओळ चुकली तर भात एका गटात उभा आणि नोंद दुसऱ्याच गटावर. २०२२ पासून ४८ तासांत एकदा दुरुस्ती करायची सोय आहे, पण त्यासाठी चूक आधी दिसायला तर हवी!

आता त्या ॲपच्या कोडची चिरफाड मी करत नाहीये. आपण आपली गट क्रमांकांची एक छोटी यादी बनवू आणि ती कुठे फसवते ते बघू.

समजा यादीत ३०० गट आहेत. स्क्रीनवर मावतात आठ-नऊ. अँड्रॉइड काही ३०० ओळी बनवत बसत नाही. २०१४ मध्ये आलेला रिसायकलरव्ह्यू थोड्याच ओळी बनवतो, आणि वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ खाली नव्या गटासाठी पुन्हा वापरतो. आयफोनच्या टेबलव्ह्यूतही हीच युक्ती आहे. फोन हँग न होता यादी सरसर सरकते ती यामुळेच.

एसटी स्टँडवर गाडी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? ओळ म्हणजे सीट, गट म्हणजे प्रवासी आणि पिवळा रंग म्हणजे रुमाल. प्रवासी मध्येच उतरून गेला, रुमाल सीटवरच राहिला, आणि पुढच्या स्टॉपला त्या सीटवर दुसराच माणूस येऊन बसला. बघणाऱ्याला वाटणार, रुमाल ह्याचाच. तुम्ही गट १२ निवडून खाली स्क्रोल करता आणि गट २७ पण पिवळा दिसतो, तो याच कारणाने. नव्याने शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे भूत एकदा तरी दिसतंच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळ भरताना, म्हणजे ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये, दोन्ही बाजू लिहायच्या: निवडलेला असेल तर पिवळा, नसेल तर पांढरा. बहुतेक वेळा दुसरी बाजू राहून जाते. सीट नव्या प्रवाशाला देताना जुना रुमाल उचलायचाच.

पण खरी गोम पुढे आहे. निवडलेला म्हणजे कोण, हे तुम्ही लक्षात कसं ठेवता? बरेच जण पोझिशन ठेवतात: चौथी ओळ निवडली, तर चार. यादी जागची हलत नाही तोवर हे चालतं. मग वापरणारा वरच्या शोध-चौकटीत काहीतरी टाइप करतो. ३०० ओळींच्या सहा होतात. चौथ्या ओळीवर आता वेगळाच गट आहे, आणि ॲपच्या लेखी निवडलेला तोच. किंवा कोयनेच्या पाण्याकाठी रेंज येते-जाते, मध्येच यादी सर्व्हरवरून ताजी होते आणि वर दोन ओळी वाढतात. ह्यात रंगाचा घोटाळा नाही. रंग चुकला तर डोळ्यांना दिसतं तरी, इथे थेट चुकीची नोंद जाते.

म्हणून लक्षात ठेवायचा तो गटाचा स्वतःचा आयडी, ओळीचा नंबर नाही. नावही चालत नाही. आपल्या गावांत खातेदारांची यादी काढा, एकाच आडनावाची पानंच्या पानं आणि त्यात नाव-वडिलांचं नावही सारखं असलेले दोघे सहज निघतात. जेटपॅक कंपोज वापरत असाल तर लेझीकॉलमला की द्यायला विसरू नका. तिथेही तोच आयडी द्यायचा.

एकच निवड असेल तर नवी ओळ रंगवताना जुनीही पुसायची असते. दोन्ही ओळींना नोटिफायआयटमचेंज्ड सांगा. त्यासाठी अख्खी यादी पुन्हा काढायची गरज नसते. अनेक निवडायचे असतील तर एका आयडीऐवजी आयडींचा सेट. अँड्रॉइडची सिलेक्शनट्रॅकरवाली लायब्ररी आहे, तीही किल्लीवरच चालते.

आणखी एक गल्लत. बोट टेकल्यावर क्षणभर जो रंग उमटतो तो "दाबलं" असा निरोप आहे, "निवडलं" असा नाही. आयफोनवर या दोन गोष्टींना नावंच वेगळी आहेत, हायलाइटेड आणि सिलेक्टेड. अँड्रॉइडमध्ये प्रेस्ड वेगळं, आणि निवड टिकवून दाखवायला २०११ च्या ३.० आवृत्तीपासून ॲक्टिव्हेटेड. दोन्हींना एकच रंग दिलात तर स्क्रोल करताना बोट लागलं तरी माणसाला वाटतं, निवडलं गेलं.

रंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. फिकट पिवळा ऑफिसात बसून छान दिसतो. दुपारी बारा वाजता वावरात उभं राहून बघा, काही कळत नाही. ज्याला रंग नीट ओळखू येत नाहीत त्याची तर कायमचीच अडचण. रंगाबरोबर बरोबरची खूण द्या, अक्षर ठळक करा. निवड प्रणालीला नीट कळवली असेल तर टॉकबॅक ती बोलूनही दाखवतो. आणि खालच्या बटणावर नुसतं "पुढे" लिहू नका, "गट १२/२ साठी पुढे" लिहा. आजोबांना मोठ्याने वाचून दाखवता येतं. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

शेवटचा सापळा कॅमेऱ्याचा. पिकाचा फोटो काढायला कॅमेरा उघडतो, कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड मागचं ॲप बंद करून मेमरी मोकळी करतो. फोटो काढून परत आलात तर ॲप नव्याने उभं राहतं. आयडी फक्त मेमरीत ठेवला असेल तर गेला. काही ॲप अशा वेळी गुपचूप पहिली ओळ निवडतात. हे सगळ्यात वाईट! निवड हरवली तर कोरी दाखवा आणि पुन्हा विचारा. हरवू द्यायची नसेल तर आयडी सेव्ह्डस्टेटहँडलमध्ये ठेवा.

तुमचं ॲप तपासायचं असेल तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" चालू करा. एक गट निवडा, तळापर्यंत स्क्रोल करून वर या, शोधून यादी छोटी करा, शोध पुसा, कॅमेरा उघडून परत या. प्रत्येक वेळी पिवळी ओळ आणि बटणावरचा गट जुळतोय का बघा. तपासून झालं की तो पर्याय बंद करा, नाहीतर बाकीची ॲप्सही विचित्र वागायला लागतील.