परकेपणाचें नवल

परक्या देशांत वस्तीस गेलेल्या माणसास द्वेष सोसावा लागतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. परंतु द्वेषाचा लवलेश नसतांही केवळ एक नवलाची वस्तु म्हणून दिवस काढणें किती अवघड आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मुलें मागें लागतात, बायाबापड्या दारांतून डोकावतात, चांगले सभ्य गृहस्थ केसांचा रंग व जेवण्याची तऱ्हा यांची चौकशी करितात. यांत कोणाचा अपराध नसतो. तरी ज्याच्याकडे सारे पाहतात त्याचें नांव, विद्या व स्वभाव हीं बाजूस पडून त्याचें कातडें आणि पोशाख एवढींच काय तीं शिल्लक राहतात. या अवस्थेचें मोठें बोलकें उदाहरण जपानच्या इतिहासांत सांपडतें.

१६३९ सालीं पोर्तुगीजांची जपानांतून हकालपट्टी झाली. त्यानंतर युरोपियनांपैकीं फक्त डचांस, म्हणजे ज्यांची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती त्या वलंदेजांस, तेथें व्यापाराची मुभा उरली. आणि १६४१ पासून त्यांस नागासाकी बंदरांत भराव घालून केलेल्या देजिमा नांवाच्या पंख्याच्या आकाराच्या बेटावर कोंडण्यांत आलें. हें बेट लांबीस २३६ पावलें व रुंदीस ८२ पावलें असल्याचें एंगेलबेर्ट केम्फर यानें लिहून ठेविलें आहे. केम्फर १६९० सालीं तेथें डच कंपनीचा वैद्य म्हणून आला. तो वस्तुतः जर्मन होता. पण पाहणाऱ्यांच्या लेखीं या भेदास कांहींच किंमत नव्हती.

वखारीच्या मुख्यानें दरसाल नजराणा घेऊन येदो येथें, म्हणजे सांप्रतच्या टोकियोस, शोगुनच्या भेटीस जावें असा रिवाज होता. १६९१ व १६९२ या दोन्ही वर्षीं केम्फर त्या मंडळींत होता. वाटेंत पोरें मागें धांवत. त्यांस हे चिनी वाटत, आणि चिन्यांच्या टवाळीचे जे शब्द त्यांस येत तेच तीं यांच्यावर फेंकीत. एका परक्याची थट्टा दुसऱ्या परक्यावर भागवून घ्यावयाची, ही काटकसर सर्व देशांतील मुलांस अवगत असावी.

दरबारांत औपचारिक भेट क्षणांत आटोपे. वखारीच्या मुख्यानें गुडघ्यांवर व हातांवर पुढें सरकावें, कपाळ भुईस टेंकावें आणि खेंकड्यासारखें तसेंच मागें यावें. तोंडांतून शब्द काढावयाचा नाहीं. खरा प्रकार त्यानंतर आंतल्या दालनांत होई. शोगुन त्सुनायोशी व जनान्यांतील स्त्रिया चिकांच्या पडद्याआड बसलेल्या असत. बाहेरच्या मंडळींस हुकूम सुटत: दरबारी झगे उतरा, ताठ बसा, चालून दाखवा, एकमेकांस नमस्कार करा, नाचा, उड्या मारा, दारुड्याचें सोंग आणा, मोडकें जपानी बोला. केम्फरनें नाच केला आणि जर्मन भाषेंत एक प्रेमगीतही म्हटलें. वखारीचा मुख्य मात्र या खेळांतून वगळला जाई, कारण तो आपल्या मालकांचा प्रतिनिधि होता. सर्व मर्म येथेंच आहे. ज्याच्या अंगावर अधिकाराची झूल होती त्यास माणूस म्हणून वागविलें गेलें. बाकीचे तमाशाचे धनी झाले.

हें सारें दुष्टपणानें चाललेलें नव्हतें. पाहुण्यांस भोजन मिळे, आणि वैद्यास रोगांविषयीं व दीर्घायुष्याच्या औषधाविषयीं गंभीर प्रश्नही विचारले जात. पण ज्या बेटावरील जपानी नोकरांस परक्यांशीं सलगी न करण्याची शपथ घ्यावी लागे, तेथें ओळख व्हावी कशी? जेथें ओळखीस मज्जाव असतो तेथें नवल शिळें होत नाहीं.

केम्फर मात्र नुसता पाहून घेणारा नव्हता. पडद्याच्या फटी रुंद करण्यासाठीं मध्यें कागद खोंवलेले त्यास दिसले. ते मोजून, आंत तिसांच्या आसपास माणसें असावींत असा हिशेब त्यानें नाचतां नाचतां बांधला. प्रवासांत त्यानें सालीच्या एका पेटींत होकायंत्र ठेवून वर झाडपाला व फुलें पसरलीं होतीं. लोकांस वाटे, वैद्य वनस्पति गोळा करीत आहे. तो वाटेचा नकाशा टिपीत होता. देजिमावर त्यानें औषधें, गणिताचे धडे आणि युरोपांतील गोड मद्यें देऊन दुभाष्यांचीं मनें वळविलीं, व हाताखालच्या एका तरुण विद्यार्थ्यास डच भाषा शिकविली. त्या विद्यार्थ्यानें आणून दिलेल्या माहितीवर त्याचा जपानवरील ग्रंथ बराचसा उभा आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७२७ सालीं, लंडनमध्यें इंग्रजींत छापला गेला.

पुढें जपानी लोकांचें पाहणेंही हळूहळू बदललें. येदोस डच मंडळी नागासाकिया नांवाच्या खाणावळींत उतरत. होकुसाई या चित्रकारानें त्या घराचें चित्र काढलें आहे. त्यांत रस्त्यावरचे लोक खिडकीकडे टक लावून आहेत, आणि आंतले डच तितक्याच कुतूहलानें बाहेर पाहत आहेत. पण त्या गर्दींत नुसते बघे नसत. जपानी वैद्यही तेथें येऊं लागले होते. १७७१ सालीं तेथील डचांकडून शरीररचनेवरील एक ग्रंथ सुगिता गेनपाकु या वैद्याच्या हातीं आला. त्याच वर्षीं एका प्रेताची चिरफाड पाहून त्यानें त्यांतील आकृत्या पडताळून घेतल्या, त्या बरोबर ठरल्या, आणि डच भाषा फारशी येत नसतांही मित्रांसह एकेका शब्दाशीं झगडत त्यानें भाषांतर पुरें केलें. तें १७७४ सालीं प्रसिद्ध झालें.