आधी बियाणे, मग भात

मुलांना पैशाचे व्यवहार शिकवावेत की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. पोरांच्या हाती पैसा देणे म्हणजे त्यांना बिघडवणे, असे जुनी पिढी मानते. उलट, मुलाला दरमहा ठरावीक हातखर्च द्यावा व त्याचा हिशेब त्याच्याकडून लिहून घ्यावा, असे बालसंगोपनाची पुस्तके सांगतात. हा दुसरा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या घरासाठी लिहिलेला असतो. भोर आणि वेल्हे, म्हणजेच आताचा राजगड, या तालुक्यांतील बहुसंख्य घरांचे अर्थकारण निराळे आहे.

येथे पैसा महिन्याच्या हिशेबाने येत नाही. भात निघाला की थोडा येतो, पुण्यामुंबईत नोकरीला असलेल्या मुलाने पाठवला की थोडा येतो. आणि जमीन विकली की एकदाच, पण मोठा येतो. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी अशी धरणे या दोन तालुक्यांत झाली. साहजिकच जमिनीचे रूपांतर रोख रकमेत होण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. अलीकडे शहरातील लोक शेतघरांसाठी जमिनी घेऊ लागल्याने तो अधिक घरांपर्यंत पोहोचला आहे. जमीन पिढ्यान् पिढ्या पुरते. रोख रक्कम मात्र गाडी, बंगला आणि लग्न यांत दोन-चार वर्षांत संपू शकते. घरातील मूल हे सारे पाहत असते. अर्थशास्त्राचा त्याचा पहिला धडा तोच असतो, मग तो कोणी शिकवो अथवा न शिकवो.

वस्तुतः योग्य धडा याच मातीत आहे. भात मळून झाल्यावर पुढच्या वर्षाचे बियाणे आधी बाजूला काढायचे आणि उरलेले खायचे, ही जुनी रीत. कितीही ओढ असली तरी बियाण्याला हात लावायचा नाही. विकतचे बियाणे आले तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना ही शिस्त ठाऊक आहे. खर्चून उरेल ते शिलकीत टाकावे, असा अनेकांचा समज असतो. शेतकऱ्याचा नियम नेमका उलटा आहे. जमिनीचे पैसे हे पीक नसून बियाणे आहे, एवढे एक वाक्य मुलाला समजले तरी पुष्कळ झाले.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्या घरात शिल्लकच पडत नाही, तेथे बचतीचा उपदेश काय कामाचा? आक्षेप रास्त आहे. अशा घरातील मुलाला बचतीपेक्षा व्याजाचे गणित आधी शिकवले पाहिजे. शेकडा 6 वार्षिक चक्रवाढ दराने ठेवलेले 1,000 रुपये दुप्पट व्हायला सुमारे 12 वर्षे लागतात. तेच 1,000 रुपये महिना शेकडा 5 दराने उसने घेतले आणि व्याज थकत गेले, तर सव्वा वर्षाच्या आत देणे दुप्पट होते. सातवी-आठवीच्या मुलाला हे गणित सहज करता येते. शिक्षकांनी ते पुस्तकातील काल्पनिक व्यापाऱ्याऐवजी बैलजोडी, आजारपण आणि लग्न यांची उदाहरणे घेऊन सोडवून दाखवावे.

मुलींच्या बाबतीत तर हे शिक्षण अधिक निकडीचे आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये व केंद्राच्या कायद्याने 2005 मध्ये दिला. तरीही हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरतेच तिला सासरहून बोलावून घेतल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. तिने हक्क सोडावा की ठेवावा, हा तिचा प्रश्न. परंतु आपण काय सोडतो आहोत व त्याची किंमत किती, हे तिला कळलेच पाहिजे. भाऊ बाजाराचा हिशेब करीत असताना बहिणीला चुलीपाशी धाडण्याची सवय येथेच मोडावी लागेल.

साधने दुर्मीळ नाहीत. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच बँकांना दिली आहे. टपाल कार्यालयातही तशी सोय आहे. आईबरोबर घाटरस्त्यावर करवंदांचे द्रोण विकणाऱ्या मुलाला सुटीच्या शेवटी त्यातले काही रुपये स्वतःच्या हाताने खात्यात भरू द्यावेत. मोबाइलवर बोट टेकवताच पैसे जाण्याच्या या काळात, नोट मोजून देण्याचा आणि पासबुकातील आकडा वाढताना पाहण्याचा अनुभव अधिकच मोलाचा ठरतो.

अर्थात खाते उघडून पालकांची जबाबदारी संपत नाही. जमिनीचा सौदा, कर्ज, लग्नाचा खर्च यांची बोलणी मुले झोपल्यावर करण्याची आपली रीत आहे. जाणत्या मुलांना त्या बैठकीत बसू द्यावे. त्यांच्या मताने निर्णय होणार नसला तरी निर्णय कसा होतो, हे त्यांना दिसेल. उद्या सातबाऱ्यावर त्यांचीच नावे लागायची आहेत. तोवर त्यांच्यासाठी काही बियाणे शिल्लक राहील की नाही, हे आजच्या या बोलण्यांवर अवलंबून आहे.