धायटीची लागवड व जोपासना

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांतील डोंगरउतारांवर फाल्गुन-चैत्रात पाने झडलेल्या फांद्यांना लाल फुलांचे झुपके लगडलेले दिसतात. ही धायटी होय. आयुर्वेदात हिला धातकी म्हणतात. मेंदी व डाळिंब ही हिच्याच कुळातील झाडे होत. तथापि डाळिंबाची निगा राखणारा शेतकरी धायटीकडे सहसा सरपण म्हणूनच पाहतो.

धायटीचे झुडूप साधारणपणे एक ते तीन मीटर उंच वाढते. फुलात जी लाल नळी दिसते ती वस्तुतः पुष्पकोश असून पाकळ्या अगदी लहान असतात. हा कोश वाळल्यावरही टिकून राहतो, म्हणूनच फुले साठविता येतात. आसवे व अरिष्टे तयार करताना काढ्यात गूळ घालून तो आंबविण्यासाठी ही फुले वापरतात. पूर्वी कापड रंगविण्याकडेही त्यांचा उपयोग होत असे. नळीच्या तळाशी मध असल्यामुळे ऐन उन्हाळ्याच्या तोंडी मधमाश्यांना येथे चारा मिळतो.

फुलांचा हंगाम आणि राबासाठी झाडोरा तोडण्याचा हंगाम बहुधा एकच असतो, ही खरी अडचण आहे. नाचणी-भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी कळ्यांनी भरलेली फांदी तोडली की त्या वर्षीची फुले तर जातातच, पण बीही धरत नाही. तोडलेल्या खोडाला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून नुकसान लक्षात येत नाही. मात्र नवी रोपे उगवत नाहीत व जुनी झुडपे खुरटत जातात. राबासाठी फांद्या घ्यावयाच्याच असतील तर त्या बी गळून गेल्यानंतर घ्याव्यात आणि प्रत्येक झुडपावर निम्म्याहून अधिक फांद्या राखाव्यात.

लागवड बियांपासून करता येते. बोंडे तपकिरी होऊन उकलण्यापूर्वी, म्हणजे सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत, तोडून कागदावर सावलीत वाळवावीत. बी धुळीसारखे बारीक असते. ते मूठभर बारीक वाळूत मिसळून गाळलेली माती व कुजलेले शेणखत यांच्या सपाट वाफ्यावर पसरावे. वरून मातीचा थर देऊ नये. हाताने हलके दाबणे पुरेसे होते. येथील मुसळधार पावसात असे बी एका सरीत वाहून जाते, यास्तव वाफ्यावर छप्पर असणे अत्यावश्यक आहे. पाणी बारीक छिद्रांच्या झारीनेच द्यावे. रोपे प्रथम फार सावकाश वाढतात. दाटी झाल्यास विरळणी करून ती पिशव्यांत लावावीत व पुढील पावसाळ्याच्या आरंभी शेतात न्यावीत.

यासाठी चांगली जमीन अडविण्याचे कारण नाही. मुरमाड वरकस, बांध, ओघळींचे काठ येथे धायटी चांगली येते. पाणी तुंबणारी जागा मात्र टाळावी. एक हात लांब, रुंद व खोल खड्डे दोन मीटर अंतरावर घेऊन लागण करावी. पहिली दोन वर्षे गवत काढणे, गुरांपासून राखण करणे आणि उन्हाळ्यापूर्वी भोवती जाळपट्टा काढणे एवढी निगा पुरते.

फुले वेचताना फांदी मोडू नये. खाली कापड अंथरून हाताने फुले ओरबडून घ्यावीत आणि प्रत्येक झुडपावर सुमारे एक तृतीयांश फुले बियांसाठी सोडावीत. ती सावलीत पातळ पसरून रोज उलथावीत. पाने, काड्या व माती मिसळलेला माल व्यापारी कमी भावात मागतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. ओलसर फुलांना बुरशी लागते. म्हणून पूर्ण वाळल्यावरच ती पोत्यांत भरून पोती जमिनीपासून उंच फळीवर ठेवावीत.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये हक्कदार वनवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. वाळलेल्या धायटीच्या फुलांचा समावेश केंद्र सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत झालेला आहे. वेचणी सुरू होण्यापूर्वी, माघ महिन्यातच, ग्रामसेवकांनी चालू वर्षाचा दर ग्रामसभेत वाचून दाखवावा व माल एकत्र करून विकण्याची व्यवस्था ठरवावी.