अपडेटनंतर कॉम्प्युटर रेंगाळतोय, माऊस अडकतोय? फॉर्मेट मारण्याआधी हे पाहा

पांढुर्णा / सौंसर : सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर नुसती चक्री फिरत राहिली. बाकावर समग्रची ई-केवायसी करायला आलेली माणसं बसलेली, कुणाला खसऱ्याची नक्कल हवी, कुणाच्या पोरीच्या फॉर्मची शेवटची तारीख. माऊस हलवला तर बाण दोन बोटं सरकतो अन् थांबतो. ऑनलाइन सेवा देणाऱ्या दुकानांत हे चित्र नवं नाही, सीमेपलीकडच्या सावनेर, नरखेड, वरूडमध्येही नाही. तिकडे खसऱ्याऐवजी सातबारा म्हणायचं, एवढंच.

असं बरेचदा बुधवारीच का होतं, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्ट विंडोजची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. अमेरिकेतली ती सकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र. त्यामुळे बुधवारी मशीन सुरू झाली की मागच्या मागे काम चालू होतं : फाइली उतरवणं, जुन्या बदलणं, मग अँटिव्हायरसची तपासणी आणि शोधाची यादी नव्याने बनवणं. एसएसडी असेल तर हे फारसं जाणवत नाही. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर मात्र तास-दोन तास जातात.

म्हणून पहिलं काम, घाबरून बटण दाबून बंद करायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क'च्या खाली १०० टक्के दिसत असेल आणि वर 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' किंवा 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' असं नाव असेल, तर मशीन बिघडलेली नाही, कामात आहे. त्या वेळी बाण अडखळतो तोही त्यामुळेच. माऊसचा त्यात दोष नसतो, पण नवा माऊस आणायला माणूस बाजारात पळतो.

त्याच खिडकीत 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर क्लिक केलं की 'अप टाइम' दिसतो. रोज रात्री दुकान बंद करताना शटडाऊन करणाऱ्यालाही तिथे आठ-दहा दिवस दिसतात, आणि चक्रावायला होतं. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धी झोपते. खरं नव्याने सुरू होणं फक्त 'रिस्टार्ट'ने. अपडेटनंतरचा अर्धा त्रास एका रिस्टार्टने जातो. करताना इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालू ठेवा. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली की खरं दुखणं तिथून सुरू होतं.

आता माऊस. मशीन अडकली की माऊस, हे ओळखायची साधी युक्ती म्हणजे कीबोर्डवरचं 'नम लॉक' दाबा. दिवा लागतो-विझतो तर मशीन जिवंत आहे आणि गडबड माऊसकडे आहे. दिवा हलतच नसेल तर मशीनच हँग झालीय. माऊसची गडबड असेल तर आधी वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावा. काउंटरवर काच आहे का, तेही पाहा. साध्या ऑप्टिकल माऊसला काचेवर नीट दिसत नाही. खाली वहीचा पुठ्ठा ठेवला तरी चालतं. बिनवायरीचा माऊस असेल तर त्याचं बोटाएवढं रिसीव्हर डब्याच्या मागच्या निळ्या पोर्टात, पेनड्राइव्हच्या शेजारी तर नाही ना? यूएसबी ३ च्या पोर्टातून निघणारा गोंगाट त्याच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि बाण उड्या मारतो. रिसीव्हर पुढच्या पोर्टात लावला की बरेचदा भागतं.

थोडा वेळ चालून माऊस मध्येच मरत असेल, तर विंडोज वीज वाचवायला तो पोर्ट बंद करत असते. विंडोज आणि एक्स दाबून एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर उघडतो, माऊसशिवायही. बाण आणि टॅबच्या बटणांनी 'यूएसबी रूट हब'पर्यंत जा, त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवण्याची खूण काढा. आणि अपडेटच्या दिवसापासूनच माऊस बिघडला असेल तर माऊसच्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून पाहा. ते बटण फिकट दिसत असेल तर परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कधी कधी चूक खरोखर अपडेटचीच असते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर, मशीन दुरुस्त करायच्या निळ्या पडद्यावर यूएसबीचा माऊस आणि कीबोर्ड दोन्ही चालेनासे झाले. विंडोजमध्ये ते ठीक चालत, पण नेमके अडचणीच्या वेळी मुके. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला वेगळी दुरुस्ती सोडली. जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड ज्यांनी भंगारात दिला नव्हता, त्यांचं मधल्या दिवसांत निभावलं.

अशा वेळी 'विंडोज अपडेट'मधल्या 'अपडेट हिस्टरी'त जाऊन ती एकच अपडेट काढता येते. मोठी, म्हणजे आवृत्तीच बदलणारी अपडेट असेल तर मागे जायला साधारण १० दिवस मिळतात. तोवर सी ड्राइव्हमधलं 'विंडोज.ओल्ड' जागा खातं म्हणून पुसू नका.

एवढं करूनही मशीन रेंगाळत असेल तर दुरुस्तीवाला म्हणेल, फॉर्मेट मारू. हो म्हणायच्या आधी थांबावं. फॉर्मेटमध्ये गिऱ्हाइकांचे स्कॅन जातात, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस पुन्हा टाकावी लागते, आणि फॉन्ट जातात. पांढुर्णा-सौंसरकडे हे शेवटचं जास्त लागतं. इथे हिंदी अर्ज कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतात, आणि तो फॉन्ट नसेल तर दहा वर्षांचे अर्ज इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायला पाच मिनिटं लागतात.

हार्डडिस्क जुनी असेल तर तिची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर करून मागावी. फॉर्मेट लागत नाही आणि फरक लगेच दिसतो. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांच्यासाठी आणखी एक : तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेच्या अपडेट घरगुती मशीनवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. अपडेट येणं थांबलं म्हणून मशीन हलकी झाली, असं समजून त्याच मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद हाताळणं धोक्याचं.

कामाच्या वेळेत अपडेट नको असेल तर 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये दुकानाची वेळ टाका. सकाळी ८ ते रात्री ८ टाकलं की त्या वेळात मशीन आपणहून रिस्टार्ट होत नाही. मंगळवारी रात्री मशीन इन्व्हर्टरवर चालू सोडून घरी गेलं, तर बुधवारचं बरंचसं काम रात्रीतच उरकतं.