गाडी एक, नावं अनेक: गिऱ्हाईक तुम्हाला कोणत्या नावाने शोधतंय?



माल चांगला, भाव रास्त, फोटोही झकास, तरी ऑर्डर येत नाही. असं होतंय का? मग आज एका बुटक्या गाडीची गोष्ट ऐका.

अमेरिकेत शिकागोसारख्या शहरात रेल्वेची मोठी मालटर्मिनल्स आहेत. तिथे आगगाडीवरून उतरलेले कंटेनर यार्डातल्या यार्डात हलवायला एक खास ट्रक असतो. आखूड, हळू चालणारा, केबिन एका माणसापुरती.

हायवेच्या ट्रकला ट्रेलर जोडला, की ड्रायव्हरला खाली उतरून, हँडल फिरवून ट्रेलरचे पाय वर घ्यावे लागतात. दिवसभर ट्रेलर बदलत बसायचं तर हे परवडेल का? म्हणून या गाडीत ट्रेलर जिच्यावर टेकतो ती प्लेट हायड्रॉलिकने वर उचलली जाते. पाय जमिनीवरून आपोआप सुटतात. केबिनला मागे दार असतं. ड्रायव्हर तिथूनच बाहेर येऊन एअर पाइप जोडतो. कॅन्सस राज्यातल्या ओटावा गावात १९५८ पासून अशा गाड्या बनतायत. रोजच्या कामातली दोन-चार मिनिटं वाचवली, त्यावर अख्खा धंदा उभा राहिला!

आता मुद्द्याकडे येऊ. या गाडीचं नाव काय?

कंपनी म्हणते टर्मिनल ट्रॅक्टर. यार्डातला माणूस म्हणतो हॉस्लर. हा शब्द मूळचा सराईत घोडे सांभाळणाऱ्याचा! कुणी स्पॉटर म्हणतं, कुणी यार्ड डॉग, कुणी यार्ड गोट, म्हणजे चक्क यार्डातली बकरी. ब्रिटनमध्ये शंटर. आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरात कंटेनर वाहणाऱ्या अशाच गाड्यांना आयटीव्ही म्हणतात.

आता असा विचार करा. अमेरिकेतला एक हौशी माणूस घरात छोटी रेल्वे मांडतोय. रूळ झाले, क्रेन झाली, कंटेनर झाले. फक्त ही गाडी हवी. तो 'हॉस्लर' टाइप करतो. तुम्ही थ्रीडी प्रिंटरवर नेमकं तेच मॉडेल बनवलंय, पण लिहिलंय 'मिनी ट्रक मॉडेल'. माल तयार, पैसे तयार, भेट मात्र होत नाही. नुकसान दोघांचंही!

दुसरी चूक मापाची. रेल्वेच्या छंदात एचओ म्हणजे १:८७ आणि एन म्हणजे १:१६०. बांधकाम यंत्रांची धातूची मॉडेल्स बहुतेक १:५० मध्ये असतात. ४० फुटी कंटेनर एचओत १४ सेंटिमीटर भरतो, एनमध्ये साडेसात, आणि १:५० मध्ये थेट २४. माप लिहिलं नाही, तर १४ सेंटिमीटरच्या कंटेनरशेजारी तुमची गाडी राक्षसासारखी दिसणार. मग माल परत, आणि कुरिअरचा खर्च तुमच्या माथी!

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही कुठे मॉडेल विकतो?" अहो, पण तुम्ही 'फास्टनर' लिहिता आणि गिऱ्हाईक 'नट-बोल्ट' शोधतं. तुम्ही 'कॉरुगेटेड बॉक्स' लिहिता, त्याला 'पुठ्ठ्याचा खोका' हवा असतो. गोष्ट तीच आहे ना?

या आठवड्याचा गृहपाठ:

१. पाच जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. विचारा, "आमच्या वस्तूला तुम्ही काय म्हणता?" उत्तर जसंच्या तसं वहीत लिहा. सुधारू नका.

२. ते शब्द वस्तूच्या नावात आणि माहितीत घाला. कंपनीचं नाव राहू द्या, पण गिऱ्हाइकाचं आधी.

३. माप आकड्यात लिहा. 'लहान-मोठं' चालणार नाही.

बारसं तुम्ही केलंत, ठीक आहे. पण हाक गिऱ्हाईक मारणार आहे. त्या हाकेला ओ द्यायला शिका.

चला, वही काढा आणि पहिला फोन आजच लावा!