लेखनिक मिळाला तो कोणाच्या भांडणामुळे? अंधांच्या संघटनांची गोष्ट

दहावीचे फॉर्म भरायचे दिवस होते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील स्टाफरूमच्या दारात येऊन थांबले. मुलाच्या डोळ्यांचा पडदा लहानपणापासून खराब. फळ्यावरचं काही दिसत नाही, पुस्तक नाकाला लावलं तर मोठी अक्षरं कशीबशी दिसतात. आम्ही त्यांना सांगितलं होतं की परीक्षेत लेखनिक मिळेल, जास्तीचा वेळही मिळेल, फक्त प्रमाणपत्र आणा. ते बराच वेळ घुटमळले आणि मग म्हणाले, "सर, बुरा मत मानना. पोराला कोणाची मेहरबानी नको. लोक म्हणतील, दुसऱ्याने लिहिलं म्हणून पास झाला."

चूक त्यांची नाही. लेखनिक ही बोर्डाने दाखवलेली दया आहे असंच आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. ती दया नाही, हे त्यांना समजावताना आमच्या लक्षात आलं की या हक्कामागची गोष्ट आम्हालाही नीट ठाऊक नव्हती. मग थोडं वाचलं, थोडं विचारलं. तेच इथे सांगतो.

आधी एक फरक समजून घ्यायला हवा. अंधांसाठी चालवलेली संस्था वेगळी आणि अंधांनी चालवलेली संघटना वेगळी. पहिल्या प्रकारच्या संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. मुंबईत १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड सुरू झाली. ब्रेल छापणं, शिक्षण, प्रशिक्षण असं तिचं काम मोठं आहे आणि त्याची किंमत आम्ही कमी करत नाही. पण अशा संस्थांमध्ये सुरुवातीपासून निर्णय घेणारे बहुतेक डोळस लोक असत. अंधाने काय शिकावं, कोणतं काम करावं, हे तेच ठरवत. म्हणून पिढ्यान् पिढ्या खुर्ची विणणं, खडू बनवणं, मेणबत्ती, फार तर टेलिफोन ऑपरेटर.

१९७० मध्ये काही शिकलेल्या अंध तरुणांनी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड काढली. नावात 'फॉर'च्या जागी 'ऑफ' आला. एवढाच फरक, पण त्यात सगळं आलं. हे लोक पदवीधर होते. ब्रेलवर, दुसऱ्याकडून वाचून घेऊन शिकले होते. आणि डिग्री हातात असून घरी बसले होते.

१९७७ साली केंद्र सरकारने अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवल्या, पण फक्त खालच्या क आणि ड गटांत. त्यातही भरती होतेय की नाही, हे विचारणारं कोणी नव्हतं. मार्च १९८० मध्ये अंध निदर्शक दिल्लीत रस्त्यावर उतरले, नोकऱ्या मागायला. पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. कल्पना करा, लाठी कुठून येतेय हे ज्याला दिसत नाही त्याच्यावर लाठीमार. देशभर संताप उसळला. तोपर्यंत वर्तमानपत्रांत अंध माणसाचा फोटो यायचा तो कोणा पाहुण्याच्या हातून ब्लँकेट घेतानाचा. हक्क मागणारा अंध लोकांनी बहुधा तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

पुढची लढाई कोर्टात झाली, आणि आमच्या विद्यार्थ्याचा थेट संबंध तिच्याशी आहे. आयएएस, आयपीएस वगैरेंसाठी यूपीएससी जी परीक्षा घेते, ती अंध उमेदवाराने ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने लिहायची सोयच नव्हती. म्हणजे दार उघडं आहे असं म्हणायचं आणि उंबरठ्यावर भिंत बांधून ठेवायची. फेडरेशन सुप्रीम कोर्टात गेली. बाजू मांडली संघटनेचेच सरचिटणीस एस. के. रुंगटा यांनी, जे स्वतः अंध वकील आहेत. मार्च १९९३ मध्ये निकाल आला : अंध आणि अंशतः अंध उमेदवार ही परीक्षा देऊ शकतात आणि त्यांना ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन लिहू द्यावं. लेखनिक ही पद्धत त्याआधीही शाळा-कॉलेजांत काही ठिकाणी होती, पण मुख्याध्यापकांच्या मर्जीवर. देशाच्या सगळ्यात मोठ्या परीक्षेत ती मान्य झाल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणं अवघड झालं. २०१३ मध्ये केंद्राने सविस्तर नियमच काढले. त्यात दर तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास.

दरम्यान डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर केला. तीन टक्के आरक्षण आता कायद्यात आलं, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा. आता सगळं सुरळीत होईल असं कोणालाही वाटलं असतं. पण सरकारी कचेरीला कायदा मिळाला की ती आधी गणित शोधते. (शिक्षक आहोत, बिंदुनामावलीचे कागद आम्हीही पाहिलेत.)

गणित असं होतं. समजा एका खात्यात हजार जागा आहेत. त्यातल्या दोनशे जागांची कामंच अपंगांना जमतील, असं खात्याने ठरवलं. मग तीन टक्के कशाचे? खातं म्हणायचं, दोनशेचे. म्हणजे सहा. अंधांच्या वाट्याला दोन. संघटनेचं म्हणणं होतं की हजाराचे तीन टक्के, म्हणजे तीस, अंधांच्या दहा. काम कोणतं द्यायचं ते त्या दोनशे जागांमधून ठरवा, पण हिस्सा एकूण जागांवर मोजा. हा वाद आधी दिल्ली हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चालला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने फेडरेशनच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत कायदा होऊन जवळपास अठरा वर्षं झाली होती. १९९५ साली पंचविशीत असलेला अंध पदवीधर तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा झाला होता आणि सरकारी नोकरीचं त्याचं वय निघून गेलं होतं. त्याला कोण भरपाई देणार?

२०१६ मध्ये नवा कायदा आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आता सरकारी नोकरीत चार टक्के, त्यात अंध आणि अल्पदृष्टी यांचा एक टक्का कायम. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा. आणि ज्याचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्या मुलाला सहा ते अठरा वर्षं वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या साध्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही' असं सांगून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही.

कायदा असून काय होतं, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी अनुभवलं. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या. यूपीएससीत पहिल्याच प्रयत्नात ७७३ वा क्रमांक आला, पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतलं नाही. त्यांनी परत परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या सबकलेक्टर झाल्या. त्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं, करायलाच हवं. पण १९९३ चा तो निकाल नसता तर त्यांची हुशारी परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचलीच नसती, हे कौतुकाच्या भरात कोणी बोललं नाही.

आता जरा आपल्या घराकडे येऊ. आपल्यात अंध माणसाला अदबीने 'हाफिजजी' म्हणायची जुनी पद्धत आहे, त्याने कुरआन पाठ केलेलं असो वा नसो. त्यामागे इज्जत आहे आणि खरोखर हिफ्ज केलेले कितीतरी अंध हाफिज आपण पाहिले आहेत. ज्याची याददाश्त अशी आहे त्या मुलाला बारावी, बीए, एलएलबी का जमू नये? पण मुलगा अंध झाला की घरात एकच दरवाजा दिसतो, आणि मुलगी अंध असेल तर तोही नाही. रमजानमध्ये जकातीचा लिफाफा तिच्या नावाने येतो, शाळेचा दाखला मात्र कोणी काढत नाही. ब्रेलमध्ये उर्दूही लिहिता-वाचता येतं, हे अनेक वालिदैनना माहीत नसतं. एक गंमत सांगतो : उजवीकडून डावीकडे जाणारी आपली उर्दू ब्रेलमध्ये मात्र मराठीसारखीच डावीकडून उजवीकडे वाचतात. तेच सहा ठिपके, तीच बोटं.

पैशाचा मामलाही असाच. अंध भावाचं खातं दुसरा भाऊ चालवतो, अंध बहिणीचा अंगठा घेऊन पैसे काढतो. बँकवालेही म्हणतात, कोणाला तरी सोबत आणा. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ रोजी परिपत्रक काढून सांगितलं आहे की अंध व्यक्ती कायद्याने व्यवहार करायला पूर्ण पात्र आहे आणि चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी तिला नाकारता येणार नाहीत. त्या परिपत्रकामागेही तक्रार करणारे अंध ग्राहकच होते. आता सगळं मोबाईलवर आलं तसं नवं भांडण निघालं. केवायसी करताना स्क्रीन म्हणते, चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकावा. अंध माणसाने काय करायचं? एक अंध वकील आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही स्त्रिया सुप्रीम कोर्टात गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने ही पद्धत सर्वांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले.

त्याच्याच एक महिना आधीचा, मार्च २०२५ चा निकाल आम्हाला जास्त जवळचा वाटला. मध्य प्रदेशात अंध माणसाला न्यायाधीश होता येणार नाही, असा भरतीचा नियमच होता. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं आणि तो नियम रद्द केला. एका आईचं पत्र! आपल्यापैकी किती आयांनी मुख्याध्यापकांना तरी असं पत्र लिहिलंय?

आमच्या त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं, तेही सांगतो. वडील तयार झाले. सरकारी रुग्णालयातल्या तपासणीत बराच वेळ गेला, दोनदा तारीख पडली, पण दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड हातात आलं. हे कार्ड सगळ्यात आधी काढा, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. लेखनिकासाठी खालच्या वर्गातला एक मुलगा शोधला, दोघांना महिनाभर सोबत बसवलं. हे अगदी गरजेचं आहे. भूमितीची आकृती तोंडाने सांगायची आणि दुसऱ्याने काढायची, हे पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही. लेखनिकाचे नियम मधूनमधून बदलतात, स्पर्धा परीक्षांचे तर नक्कीच, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊनच फॉर्म भरा.

एवढं करूनही पहिल्याच पेपरला केंद्रावर अडलं. मंजुरीचं पत्र आमच्याकडे आलं नाही, लेखनिकाला आत सोडता येणार नाही, असं सांगण्यात आलं. आमच्याकडे झेरॉक्स होती, ती दाखवली. फोनाफोनीत पंचवीस मिनिटं गेली. घाबरून मुलगा मूळ प्रश्नाचा क्रमांकच विसरत होता. वडील मात्र, जे मेहरबानी नको म्हणत होते, ते केंद्रसंचालकांना शांतपणे म्हणाले, "साहेब, हे त्याच्या हक्काचं आहे. गेलेली पंचवीस मिनिटं शेवटी जोडून द्या." आणि ती मिळाली.

निकालानंतर मुलगा शाळेत पेढे घेऊन आला. या लेखासाठी आम्ही जे वाचत होतो ते त्याला सांगितलं, तर त्याने विचारलं, त्या संघटनेत सभासद व्हायला वय किती लागतं? आम्हाला माहीत नव्हतं. अंधांच्या एका संघटनेच्या स्थानिक कार्यकर्त्याचा नंबर मिळवून फोन लावला आणि मुलाबद्दल सांगायला लागलो. पलीकडच्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, "सर, तो तुमच्या शेजारीच आहे ना? मग फोन त्याच्याकडे द्या."