नॉर्डलिंगेन : उल्केच्या खळग्यातलं गाव

जर्मनीत, बव्हेरियाच्या पश्चिम टोकाला नॉर्डलिंगेन आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास. लाल कौलांची घरं, त्यांच्याभोवती जवळजवळ गोल तट आणि मधोमध सेंट जॉर्जचं चर्च. तटाला पाच दरवाजे आहेत. त्याची लांबी सुमारे २.७ किलोमीटर, आणि वरच्या छपराखालच्या वाटेनं अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालता येते.

चर्चच्या ९० मीटर उंच मनोऱ्याला गावकरी 'डॅनियल' म्हणतात. साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेलं की सपाट शेतं दिसतात आणि चहूबाजूंनी क्षितिजावर टेकड्यांची कड. ही कड आहे सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या विवराची. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी साधारण एक किलोमीटर रुंदीचा अशनी इथे येऊन आदळला. खळग्यात पुढे तळं साचलं, लाखो वर्षं त्यात गाळ बसत गेला आणि परातीसारखं सपाट मैदान तयार झालं. या मुलखाला 'रीस' म्हणतात.

गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक भूवैज्ञानिक याला ज्वालामुखीची करामत समजत होते. १९६० साली युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या अमेरिकी संशोधकांना इथल्या दगडात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झवर प्रचंड दाब पडला तरच हे खनिज बनतं. ज्वालामुखीच्या तोंडाशी तेवढा दाब कुठून येणार? वाद तिथेच निकालात निघाला. ज्या दगडात पुरावा सापडला तो सुएव्हाइट. करड्या रंगाचा, मध्ये वितळून थिजलेल्या काळपट काचेचे तुकडे असलेला. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी गवंड्यांनी याच दगडानं सेंट जॉर्जचं चर्च बांधलं. १४२७ मध्ये सुरू झालेलं ते काम १५०५ पर्यंत चाललं. म्हणजे पुरावा भर चौकात उभा होता, रोज लोक त्याच्या समोरून जात होते. या दगडात सूक्ष्म हिरेही आहेत. दागिन्याच्या कामाचे मात्र अजिबात नाहीत.

१९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर इथे शिकायला आले. वैमानिकांना आघातानं घडलेले खडक ओळखता यावेत म्हणून त्यांना रीसच्या खाणींतून हिंडवलं गेलं.

माणसांचा इतिहासही काही कमी धगधगता नाही. १२१५ पासून १८०३ पर्यंत हे गाव थेट पवित्र रोमन सम्राटाच्या छत्राखालचं स्वतंत्र शहर होतं. नंतर ते बव्हेरियात गेलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे चेटकिणी म्हणून डझनावारी बायकांना ठार मारलं. मारिया होल नावाच्या खानावळवालीचा बासष्ट वेळा छळ झाला, पण तिनं कबुली दिली नाही. १५९४ मध्ये तिला सोडावं लागलं. पुढे ते सत्र थंडावलं, त्यात या बाईच्या चिवटपणाचा वाटा मोठा. आज गावात तिच्या नावाचं कारंजं आहे. १६३४ च्या सप्टेंबरात गावाबाहेरच्या लढाईत सम्राटाच्या आणि स्पेनच्या सैन्यानं स्वीडिश फौजेचा धुव्वा उडवला. तीस वर्षांच्या युद्धाला त्यानं कलाटणी मिळाली.

मनोऱ्यावरचा पहारेकरी आजही रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासानं 'झो, गझेल, झो' अशी हाळी देतो. दंतकथा अशी की, एकदा दरवाजा फितुरीनं उघडा ठेवला होता; एका डुकरिणीनं अंग घासलं तसा तो हलला आणि एका बाईनं हीच आरोळी ठोकून गाव जागं केलं. इतिहास म्हणून कुणी घेऊ नये, पण ऐकायला मजा येते.

आपल्याकडे बुलढाण्यात लोणारचं विवर आहे, बसाल्टमधलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्यालाही एके काळी ज्वालामुखीच मानत. फरक नंतरच्या वागणुकीत आहे. नॉर्डलिंगेननं १९९० मध्ये एका जुन्या कोठारात विवराचं संग्रहालय उभारलं, तिथे चंद्रावरचा खडकही मांडला. लोणारला जाणाऱ्याला दगड समजावून सांगणारी अशी जागा हवी, आणि ती मागण्याचा हक्क आपल्याच लोकांचा आहे.